न मागता आलेले आवतण

बारावीचा निकाल लागतो आणि पोराच्या हातावर पेढा पडायच्या आत घरातला मोबाईल वाजू लागतो. "अभिनंदन! आपल्या पाल्याची आमच्या महाविद्यालयात निवड झाली आहे. जागा मर्यादित आहेत, आजच निश्चित करा." कुणाला एसएमएस येतो, कुणाला व्हॉट्सॲपवर रंगीत पत्र येते. पत्रावर मुलाचे पूर्ण नाव, खाली गोल शिक्का आणि कुणा 'प्रवेश संचालका'ची सही. मुलाने त्या कॉलेजात अर्ज केलेला नसतो, त्या गावाचे तोंडही पाहिलेले नसते. तरी निवड झालेली असते.

वाचकहो, दर मे-जून महिन्यात अशी पत्रे घेऊन समाजबांधव आमच्याकडे येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "हे खरे का?" आज त्याचे उत्तर जरा सविस्तर देण्याचे योजिले आहे.

हे आवतण आपल्या घरात इतरांपेक्षा वेगळे वाजते, हे आधी मान्य केले पाहिजे. ज्यांच्या आज्या-पणज्यांना शाळेच्या ओट्यावर बसायला बंदी होती, ज्यांच्या बापाने सातवीतच दप्तर ठेवून पाटी-घमेले उचलले, त्या घरात एक कॉलेज स्वतःहून फोन करते आणि 'सर', 'मॅडम' म्हणून बोलते. धुणीभांडी करून आलेल्या माउलीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी फोनवर 'मॅडम' म्हटलेले असते. तिला आनंद होतो, ती शेजारणीला सांगते, विहारात सांगते. यात तिचे काय चुकले? काहीच नाही. पण फोन करणाऱ्याला तिची ही नस पक्की ठाऊक असते, आणि धंदा तिथूनच सुरू होतो.

त्यांना आपला नंबर मिळतो कुठून? आठवून पाहा. शाळेत 'करिअर मार्गदर्शन शिबिर' झाले होते, तेव्हा एक कागद भरून घेतला होता. कुठल्या मंगल कार्यालयात शैक्षणिक मेळावा होता, तिथे पिशवी आणि पेन फुकट मिळाले, त्या बदल्यात नाव, टक्के, जात आणि मोबाईल नंबर लिहून दिला. क्लासवाल्यांकडे नंबर असतो, नेट कॅफेवाल्याकडे असतो. अशा याद्या विकल्या जातात. म्हणजे ज्याला आपण निवड समजतो, ती पुष्कळदा एका यादीवरून वरपासून खालपर्यंत लावलेल्या फोनांपैकी एक असते. शेजारच्या चाळीतल्या नापास झालेल्या मुलालाही तेच 'अभिनंदन' आलेले असते. विचारून बघा, आपोआप उलगडा होईल.

फोनवरच्या पोरीवर मात्र चिडू नका. तीही बहुधा आपल्यासारख्याच घरची असते. एका खोलीत दहा-पंधरा जणी बसून दिवसभर याद्या संपवतात, प्रवेश झाला तर वर चार पैसे मिळतात. तिला कॉलेजची इमारतही ठाऊक नसते.

आता कॉलेजांना अशी शोधाशोध करण्याची पाळी का आली? १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्या काळी जागा कमी आणि मागणी मोठी. डोनेशनच्या थैल्या घेऊन लोक संस्थाचालकांच्या दारात उभे राहत, इतके की १९८७ साली राज्याला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. पुढे कॉलेजे गावोगाव निघाली, जागा भरमसाट वाढल्या आणि अनेक ठिकाणी वर्ग रिकामे राहू लागले. ज्या दारात पालक उभे राहत होते, त्या दारातून आता फोन येतात. ज्या कॉलेजात प्रवेशासाठी मुले झगडतात ते कॉलेज कुणाला फोन करीत बसत नाही. हे एवढे जरी ध्यानात आले तरी निम्मे काम झाले.

आणि आपल्याच वस्तीत फोन जास्त का येतात, याचेही कारण आहे. आपले पोर अनुसूचित जातीचे म्हणजे त्याच्या मागे शिष्यवृत्ती येते. फोनवर पहिल्या दोन मिनिटांत विचारतात, "कॅटेगरी कोणती?" एस्सी म्हटले की आवाजात गोडवा येतो. "मग तर तुम्हाला सगळे फ्री. फी शून्य. फक्त कागद घेऊन या." हिमाचल प्रदेशात काय झाले ते वर्तमानपत्रांत आलेले आहे. तिथे मागास विद्यार्थ्यांच्या नावाने खाजगी संस्थांनी शिष्यवृत्तीची रक्कम लाटल्याचा सुमारे २५० कोटी रुपयांचा घोटाळा उघडकीस आला आणि २०१९ साली सीबीआयने गुन्हा नोंदवला. तिथे जाऊन कुणी वेगळी युक्ती केली असे नाही. पोरांचे कागद, पोरांच्या सह्या आणि पोरांच्या नावाची खाती, एवढ्यावर हे होते. म्हणून 'फक्त कागद घेऊन या' हे वाक्य ऐकले की सावध व्हावे.

ही शिष्यवृत्ती कुणाच्या मेहेरबानीची नाही. परमपूज्य बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी १९४२ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. त्यातून दरसाल तीन लाख रुपये आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी मंजूर झाले आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू आहे. धम्मदीक्षेनंतर नवबौद्धांच्या सवलती गेल्या. महाराष्ट्रात त्या १ मे १९६० पासून मिळाल्या, आणि केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. चौतीस वर्षे झगडून परत मिळवलेली वस्तू आहे ही. ती कुणा एजंटाच्या फोनवर घालवायची काय?

ती घालवली कशी जाते, ते आता सांगतो. इथे नीट लक्ष द्यावे.

इंजिनिअरिंग, फार्मसी, कायदा, एमबीए अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलमार्फत केंद्रीय पद्धतीने होतात. त्याला मुले 'कॅप राउंड' म्हणतात. गुणांप्रमाणे यादी लागते, आरक्षणाच्या जागा असतात, कोणत्या कॉलेजात कोणती जागा मिळाली ते सगळ्या महाराष्ट्राला दिसते. खाजगी विनाअनुदानित कॉलेजात यातल्या बहुतेक जागा कॅपमधून भरतात, आणि साधारण वीस टक्क्यांपर्यंत जागा संस्थेच्या हाती असतात. त्यालाच मॅनेजमेंट कोटा किंवा संस्थास्तर म्हणतात. फोनवर जी 'सीट' सांगतात ती बहुधा या संस्थेच्या हातातली असते, कारण कॅपची जागा देणे कुठल्याही कॉलेजच्या किंवा एजंटाच्या अखत्यारीत नाही. ती सीईटी सेलची यादीच देते.

आणि अडचण इथेच आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप हवी तर प्रवेश कॅप राउंडमधून झालेला असावा लागतो. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती, त्याहून जास्त असेल तर शिक्षण फी व परीक्षा फीची फ्रीशिप, दोन्हींचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा. पण मॅनेजमेंट कोट्यातून बसलेल्या मुलाचा अर्ज तिथे टिकत नाही. म्हणजे जो एजंट 'एस्सी असल्याने सगळे फ्री' असे सांगून बोलावतो, तोच अशा दारातून आत घेतो जिथे फ्री काहीच नाही.

कल्याणच्या बाजूला राहणाऱ्या एक भगिनी गेल्या वर्षी आमच्याकडे आल्या होत्या. चार घरची कामे करतात, यजमान माथाडी कामगार. मुलीला सीईटीत बरे गुण होते. निकालानंतर तिसऱ्या दिवशी फोन आला, गाडी पाठवतो म्हणाले आणि खरोखरच पाठवली. कॉलेज दाखवले, जेवण दिले. पंचवीस हजार 'सीट बुकिंग' म्हणून घेतले, बचत गटातून उचललेले. शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन्ही मार्कशीट ठेवून घेतल्या. मुलीच्या कॅपच्या अर्जाचा पासवर्ड मागितला, म्हणाले, "ते आम्ही बघतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका." पुढे यादी लागली तेव्हा मुलीचे नाव कुठेच नव्हते, कारण अर्जात पसंतीक्रम भरलेलाच नव्हता. मुलगी संस्थास्तरावर बसवली गेली आणि पहिल्या वर्षाची पूर्ण फी मागण्यात आली. त्या भगिनी आमच्याकडे आल्या तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. कागद मागितले तर "प्रवेश रद्द करायचा असेल तर चारही वर्षांची फी भरा" असे उत्तर मिळालेले. आम्ही त्यांच्यासोबत एक वकील बंधू पाठवले, अर्ज दिले, दाखला आणि मार्कशीट परत मिळाल्या. पंचवीस हजार मिळाले नाहीत. ती रक्कम एजंटाने रोखीने घेतली होती, पावती कोऱ्या कागदावरची. मुलगी आज जवळच्या कॉलेजात बी.एस्सी. करते आहे. बरी रमली आहे, असे आई सांगते. पण तिला जे व्हायचे होते ते ते नव्हते.

पासवर्डची गोष्ट म्हणून पुन्हा सांगतो. कॅपच्या अर्जाचा पासवर्ड आणि मोबाईलवर येणारा ओटीपी म्हणजे पोराच्या प्रवेशाची किल्ली आहे. ती एजंटाला देऊ नये, नेट कॅफेवाल्याच्या वहीत लिहून ठेवू नये, मेव्हण्याच्या मित्रालाही देऊ नये. पसंतीक्रम भरताना मुलाने स्वतः बसावे आणि भरलेल्या अर्जाची प्रिंट काढून घरी ठेवावी. मदत लागली तर सीईटी सेलने नेमलेली सुविधा केंद्रे असतात, त्यांपैकी बरीच सरकारी तंत्रनिकेतनांत व कॉलेजांत आहेत. तिथे विचारायला संकोच कशाला? ती आपल्याचसाठी ठेवलेली आहेत.

मूळ कागदांविषयीही नियम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये स्पष्ट केले की प्रमाणपत्रे तपासून लगेच परत द्यायची, संस्थेने ती अडकवून ठेवायची नाहीत. फी परतीचेही त्यातच ठरवून दिले. प्रवेशाची जी शेवटची तारीख जाहीर झालेली असते तिच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर फी परत, फक्त पाच टक्क्यांपर्यंत आणि तेही पाच हजारांच्या आत कापता येते. पुढे जसजसा उशीर तसतशी कपात वाढते आणि त्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की काहीच मिळत नाही. म्हणून मन बदलले तर 'बघू, पुढच्या आठवड्यात जाऊ' असे करू नये. लेखी अर्ज द्यावा, त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. पण हे सगळे संस्थेच्या नावाने पैसे भरले असतील आणि छापील पावती असेल तरच उपयोगाचे. एजंटाच्या हातात दिलेल्या नोटांना कुठलाही नियम लागू पडत नाही.

फोन आला तर काय विचारायचे? आमच्या मते तीन प्रश्न पुरतात. तुमच्या कॉलेजचा सीईटी सेलच्या यादीतला कोड नंबर काय? ही जागा कॅपची की संस्थास्तरावरची? आणि हे तुम्ही कॉलेजच्या लेटरहेडवर, फीच्या आकड्यासह लिहून द्याल काय? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक फोन कट होतात. नाही झाला, तर लिहून आलेला फीचा आकडा शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजला मंजूर केलेल्या फीशी ताडून पाहावा, तो जाहीर असतो. राज्याबाहेरच्या एखाद्या 'विद्यापीठा'चे पत्र असेल तर आयोगाने जाहीर केलेली बोगस विद्यापीठांची यादी आधी बघावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार कुणालाही नसतो, मोठी पाटी लावली म्हणून तो येत नाही. खाजगी किंवा अभिमत विद्यापीठ खरे असले तरी आपली शिष्यवृत्ती तिथे लागू होते का, हे पैसे भरण्याआधी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारावे. फोनवरच्या मुलीच्या शब्दावर जाऊ नये.

न मागता आलेले प्रत्येक पत्र खोटेच असते असे आमचे म्हणणे नाही. काही सरळ चालणारी कॉलेजेही जाहिरात करतात, कला-वाणिज्य-विज्ञानाची साधी कॉलेजे प्रवेश सुरू झाल्याचे कळवतात. घराजवळचे अनुदानित कॉलेज असेल, तिथे शिकवणारे प्राध्यापक असतील, तर जरूर जाऊन बघावे. पण बघायला जाताना पैसे आणि ओरिजिनल कागद घरी ठेवून जावे. आणि तिथल्या ऑफिसात बसण्याऐवजी बाहेर चहाच्या टपरीवर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची दोन पोरे गाठावीत. शिक्षक येतात का, शिष्यवृत्ती वेळेवर येते का, ते पोरे खरे सांगतात.

बाबासाहेबांचे उदाहरण द्यायचे तर बडोद्याच्या शिष्यवृत्तीचे देता येईल. १९१३ साली महाराज सयाजीरावांनी त्यांना कोलंबियाला पाठवले, ते तीन वर्षांसाठी, दरमहा साडेअकरा पौंडांवर. पण ती कोणी घरबसल्या आणून दिली नव्हती. त्यांनी ती मागितली, आणि जाण्याआधी करारावर सही केली. परत येऊन दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करावी लागेल, असे त्यात लिहिलेले होते. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. इतक्या उदार राजाची शिष्यवृत्ती, पण तिलाही अटी होत्या आणि त्या कागदावर होत्या. ज्या आवतणात अटीच सांगत नाहीत, त्याच्या अटी मागाहून कळतात.

एक गोष्ट मात्र आपण आपल्या हाताने सुधारू शकतो. एजंटाच्या जाळ्यात मुले सापडतात त्याचे मोठे कारण म्हणजे कागद तयार नसतात. ऐन प्रवेशाच्या वेळी जात पडताळणीचे प्रमाणपत्र हाती नसते, राखीव जागा हातची जाते, पोर रडवेले होते आणि नेमका त्याच दिवशी फोन येतो. ज्यांची मुले आज अकरावीत आहेत त्यांनी हा लेख खाली ठेवून आजच पेटी उघडावी. अनुसूचित जातीच्या पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला, गावच्या जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा, महसुली कागद, असे जे असेल ते शोधावे. धम्मदीक्षा १९५६ ची, त्यामुळे त्या जुन्या कागदावर पूर्वाश्रमीची जात लिहिलेली असणारच, त्याने बिचकून जाऊ नये. गावी कुणी भाऊबंद असेल तर त्यांना या सुट्टीत तहसीलला पाठवावे. आणि हो, अनुसूचित जातीला नॉन-क्रिमीलेअर लागत नाही. तेही काढून देतो म्हणून पैसे घेणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि प्रवेशाच्या फेऱ्याही साधारण त्याच दिवसांत चालतात. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला मंडळी जमतातच. आमची विहार समित्यांना विनंती आहे की त्या काळात आठवड्यातून एक संध्याकाळ एक टेबल मांडावे. वस्तीतले बँकेत, रेल्वेत, शाळेत नोकरीला असलेले दोन-तीन बंधू-भगिनी आणि कॉलेजात शिकणारे एखादे पोर तिथे बसवावे. आलेले एसएमएस, पत्रे, अर्जाच्या प्रिंट त्यांनी वाचून द्याव्यात, मोठमोठी भाषणे नकोत. एका विहारात गेल्या पावसाळ्यात असे केले होते, आम्ही एक संध्याकाळ जाऊन बसलो. निम्म्या लोकांना पत्र कसले आहे हेच कळलेले नव्हते, कारण ते इंग्रजीत होते. एका आजोबांनी तर नातवाचे 'निवडपत्र' फ्रेम करायला दिले होते.

ज्या वाचकांना यंदा असे पत्र आले असेल त्यांनी त्याची झेरॉक्स साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवावी, मागे आपला नंबर लिहावा. आम्ही जाणकारांना दाखवून उत्तर कळवू, आणि सर्वांच्या उपयोगाचे असेल ते नाव न छापता याच पानावर देऊ. ओरिजिनल मात्र आम्हालाही पाठवू नये.

जयभीम.